बसून काम करणारी जाऊ

माझी धाकटी जाऊ मृणाल बसून काम करते. आता यात जळण्यासारखं काय आहे, असं तुम्हाला वाटेल. तुम्ही बहुतेक बसूनच काम करत असाल. मी भोपाळच्या महाराणा प्रताप नगरातल्या एका साड्यांच्या शोरूममध्ये दहा-अकरा वर्षं उभी आहे.

शोरूम मोठी आहे. तीन मजले, आत एसी, गिऱ्हाइकांना टेकायला मऊ सोफे. काउंटरच्या आमच्या बाजूला मात्र बसायला काहीही नाही, अगदी उलटी घातलेली बादलीसुद्धा नाही. सेठजींच्या मते बसलेली बाई आळशी दिसते. दुकानात चिटपाखरू नसलं तरी उभंच राहायचं. छताला कॅमेरे आहेत आणि त्यातलं सगळं सेठजींच्या मोबाइलवर दिसतं. जरा कपाटाला पाठ टेकली, की इंटरकॉमवर आवाज येतो, "चंदेरी, सीधी खड़ी रह."

चंदेरी म्हणजे मी. आमच्याकडे नावानं हाक मारायची पद्धत नाही. जिचं जे काउंटर, तेच तिचं नाव. एक सिल्क आहे, एक बनारसी आहे, दारापाशी कॉटन आहे. बाया बदलतात, काउंटर तेच राहतं, मग नावं पाठ करण्यात डोकं कशाला शिणवायचं, असं सेठजी म्हणतात. माझ्याआधीही तिथे एक चंदेरी होतीच. तिचं खरं नाव काय ते मलाही माहीत नाही. सुरुवातीला मला हाक कळायची नाही आणि बोलणी खायला लागायची. आता न्यू मार्केटात दुसऱ्या कुठल्या दुकानात कुणी "चंदेरी दिखाओ" म्हटलं तरी माझी मान वळते.

ही मृणाल दोन वर्षांपूर्वी आमच्याकडेच होती. माझ्या दिराचं, चिन्मयचं, काम सुटलं तेव्हा मीच सेठजींच्या हातापाया पडून तिला लावलं. ती कोटा साड्यांवर होती, म्हणजे कोटा होती. लग्नसराईत एका दुपारी तिला गरगरल्यासारखं झालं आणि ती साड्यांच्या गठ्ठ्यावर जराशी टेकली. झालं! सेठजींनी तिला उरलेला दिवस दाराशी उभं केलं, येणाऱ्याजाणाऱ्याला नमस्कार करायला. संध्याकाळी तिनं युनिफॉर्मची साडी बदलली, तिची छान घडी घातली, सेठजींच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "मेरा नाम मृणाल है." आणि चालायला लागली.

काय मिळालं हे सांगून? सेठजींनी मोबाइलमधून डोकं वर काढलं नाही. दुसऱ्या दिवशी मी त्यांची माफी मागितली, कारण तिला आणलेली मी. आठवड्याच्या आत नवी कोटा आली.

मला मनापासून वाटत होतं की मृणाल चार महिने घरी बसेल, मग तिचं डोकं ठिकाणावर येईल आणि ती म्हणेल, ताई, सेठजींना विचारून बघता का? मी तर तिला काय उत्तर द्यायचं तेही ठरवून ठेवलं होतं. पण बाईसाहेबांना शहराबाहेर मंडीदीपला कुकरच्या कारखान्यात काम मिळालं. झाकणं तपासायचं.

"अंजनकरांची सून आता कारखान्यात?" मी सासूबाईंना म्हणाले. आमचे आजेसासरे नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, त्यांच्या खुर्चीचं आणि फाउंटन पेनाचं कौतुक आमच्या घरात अजून होतं. मला वाटलं, सासूबाई कपाळाला हात लावतील. त्या म्हणाल्या, "मंजू, कुकर काय वाईट आहे? रोज वापरतेस की."

आमचं घर कोलार रोडला. खाली सासूबाई आणि आम्ही, वर चिन्मय आणि मृणाल. त्यामुळे तिचं सगळं मला दिसतं, आणि दिसलं नाही तर ऐकू येतं. सकाळी कारखान्याची बस कोपऱ्यावर येते आणि ती खिडकीशी बसून जाते. संध्याकाळी परत आली की जिना चढताना तिच्या पावलांचा आवाज असा येतो, जणू आताच झोपून उठली आहे. मी त्या वेळी गरम पाण्याच्या टबात पाय बुडवून बसलेली असते. माझ्या पोटऱ्यांवरच्या शिरा निळ्या होऊन वर आल्या आहेत. श्रीकांत, माझा नवरा, म्हणतो डॉक्टरला दाखव. डॉक्टर काय सांगणार ते मला ठाऊक आहे. म्हणेल, बसत जा.

रात्रीची जेवणं आम्ही खाली एकत्र करतो. तिथे सासूबाईंना रोज कारखान्याची गोष्ट हवी असते, आणि मृणाल सांगते. सुरुवातीला मी कान बंद करून भाजी वाढायचे. पण कान काही बंद होत नाहीत.

"स्टूलला पाठ आहे, आई. आणि ज्याच्या त्याच्या उंचीप्रमाणे वरखाली होतं. माझ्या स्टूलावर माझं नाव लिहिलंय."

"नाव?" सासूबाई खूश.

"हो. आणि चहाच्या वेळी झाकणं वाहून आणणारा पट्टा बंद. सगळे उठतात, मॅनेजरपण त्याच रांगेत कप घेऊन."

मी म्हणाले, "मॅनेजरला काय, दाखवायला उभा राहत असेल."

"असेलही," ती म्हणाली. हीच तिची गोष्ट मला सहन होत नाही. भांडायला जावं तर ही बया "असेलही" म्हणते.

मग एका दिवशी तिनं लाल बटणाचं सांगितलं. प्रत्येकीच्या हाताशी एक लाल बटण असतं म्हणे. झाकणांत काही वावगं दिसलं, की ते दाबायचं. दाबलं की अख्खा पट्टा थांबतो. पुढचे, मागचे, सगळे थांबतात.

"आणि मग ओरडतं कोण?" मी विचारलं.

"कुणी नाही."

"सगळं काम थांबवलंस आणि कुणी काही बोलत नाही?"

"विनिता मॅडम येतात, आमच्या लाइनच्या प्रमुख. त्या विचारतात, काय दिसलं. आपण सांगायचं. कधी कधी काहीच नसतं, आपलीच नजर चुकलेली असते. तरी चालतं."

माझा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर मला बसू द्यायचा नव्हता. आमच्याकडे गिऱ्हाईक पायातल्या चपलेनं साडी सरकवतं आणि आपण "जी मॅडम" म्हणत ती उचलायची. आणि ही, कालपर्यंत माझ्या शेजारी उभी असलेली, एक बोट टेकवून अख्खा कारखाना थांबवते! मी त्या बटणावर जितकी जळले तितकी कुणाच्या दागिन्यावर कधी जळले नाही.

त्यात महालक्ष्म्या आल्या. आम्ही विदर्भाकडचे, आमच्याकडे गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि पूजेला मोठ्या सुनेचा मान. मोठी सून मी. सेठजींनी सुट्टी दिली नाही, सणाचा सीझन होता. मृणालनं आठ दिवस आधी सांगून सुट्टी घेतली, सोवळ्यानं पुरणावरणाचा स्वयंपाक केला, महालक्ष्म्यांना साड्या नेसवल्या. त्या साड्या मी शोरूममधून निवडून आणलेल्या होत्या. मी घरी पोचले तेव्हा आरती होऊन गेली होती. बायका मृणालचं कौतुक करत होत्या. मी दारात चपला काढल्या आणि तशीच मोरीत जाऊन पाय धूत बसले. खूप वेळ धूत बसले.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी जेवताना, ताटातून वर न बघता, मृणाल म्हणाली, "दिवाळीआधी आमच्याकडे आणखी बायका घेणार आहेत."

ते माझ्यासाठी होतं, हे त्या घरातल्या पाण्याच्या माठालाही कळलं असेल. श्रीकांत माझ्याकडे बघायला लागला.

"घेऊ देत," मी म्हणाले.

मला ती जागा हवी होती. फार हवी होती. पण मृणालपुढे पदर पसरायचा? जिला मी लावलं, तिच्याकडून मी लावून घ्यायचं, आणि जन्मभर तिनं मनात म्हणायचं की मंजूताईंना मी मार्गाला लावलं? त्यापेक्षा पाय गळून पडले तरी चालतील.

यातून सुटायचा एकच मार्ग मला दिसत होता. मृणाल सांगते ते सगळं खोटं निघायला हवं होतं. तिथेही कुणीतरी तिच्यावर डाफरत असणार, कुणीतरी "सीधी बैठ" म्हणत असणार, आणि ही घरी येऊन मोठेपणा मारत असणार. ते एकदा माझ्या डोळ्यांनी दिसलं असतं, की मी मोकळी. मग मी आपल्या काउंटरवर शांतपणे उभी राहिले असते.

सप्टेंबरात विश्वकर्मा पूजा असते. मंडीदीपचे कारखाने त्या दिवशी यंत्रांची पूजा करतात, आणि मृणालच्या कारखान्यात घरच्यांनाही बोलावतात. सासूबाई म्हणाल्या, मी जाणार, मंजू, तूही चल. दिवस पितृपक्षाचे होते. पितृपक्षात साड्या कोण घेतो? म्हणून सेठजींनी सुट्टी दिली, अर्थात पगार कापून. मी गेले. मी कशासाठी गेले ते वर सांगितलंच आहे.

यंत्रांना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. हळदीकुंकवाची बोटं, उदबत्त्या, बुंदीचा प्रसाद. मी सगळीकडे खोट शोधत हिंडले. बाथरूमला कडी होती. पाणी थंड होतं. भिंतीवर कॅमेरा होता, तो पाहून मला केवढं बरं वाटलं! पण तो यंत्रांकडे तोंड करून होता. ज्याला त्याला नावानं हाका मारत होते. "मृणाल जी, सासूजी को लाई हैं?" असं एका माणसानं विचारलं, तो मॅनेजर होता हे मला नंतर कळलं. त्याच्या हातात प्रसादाचा द्रोण होता आणि तो रांगेतच उभा होता.

प्रसाद झाल्यावर घरच्यांना दाखवायला थोडा वेळ पट्टा चालू केला. मृणालनं आम्हाला तिच्या जागेपाशी नेलं. स्टूलाच्या पाठीवर खरंच नाव होतं. जाड काळ्या अक्षरांत, मृणाल.

"बसा ना ताई," ती म्हणाली.

"मला काय करायचंय बसून," असं म्हणत मी बसले.

काय सांगू. पाठीला पाठ लागली, पाय दांडीवर टेकले आणि टाचांपासून वर काहीतरी सैल होत होत मानेपर्यंत आलं. समोरून कुकरची झाकणं एकामागून एक संथ येत होती. मला वाटलं, मी इथे संध्याकाळपर्यंत बसेन. उद्याही बसेन. आणि मग माझ्या खांद्याला पाठीवरचं ते नाव टोचायला लागलं. हे सगळं हिचं होतं. मी उठले की पुन्हा हिचं होणार होतं.

मृणाल सासूबाईंना झाकणाची खाच दाखवत होती. तिची पाठ माझ्याकडे होती. लाल बटण माझ्या उजव्या हाताशी होतं.

मी ते दाबलं. चुकून नाही. मला मृणालला बोलणी बसताना बघायचं होतं, एवढं सरळ होतं ते.

घरघर एकदम थांबली. वर पिवळा दिवा लागला, बझर वाजला, आणि त्या भल्यामोठ्या शेडमधली सगळी माणसं, बाया, त्यांची मुलंबाळं, आमच्याकडे बघायला लागली. मी स्टूलावरून ताडकन उठले. हात समोर जुळवून, मान खाली घालून, अगदी शोरूममध्ये उभी राहते तशी उभी राहिले. आत कुठेतरी मी खूश होते. आता बघू, म्हटलं.

एक उंचशा बाई भराभर आल्या. विनिता मॅडम. त्यांनी कपाळाला आठी घातली नाही. पट्ट्याकडे पाहिलं आणि विचारलं, "क्या दिखा, मृणाल जी?"

अगदी तेच. मृणालनं जेवताना सांगितलं होतं, तोच प्रश्न, शब्दाला शब्द.

मृणालनं माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं कळलं होतं. मी जन्मात इतकी उघडी कुणापुढे पडले नव्हते. ती म्हणाली, "मैंने नहीं, मेरी जेठानी ने दबाया."

"अच्छा?" विनिता मॅडम माझ्याकडे वळल्या. "आपको क्या दिखा?"

मला काय दिसलं? मला इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. माल फाटका असला तर माझी चूक, गिऱ्हाईक गेलं तर माझी चूक, पण तुला काय दिसलं, असं कुणी म्हणालं नव्हतं. "कुछ नहीं, मॅडम. गलती हो गई. सॉरी मॅडम. माफ कर दीजिए," मी एका दमात म्हणून टाकलं.

"अरे, माफी किस बात की? दबाने के लिए ही तो लगाया है." त्या हसल्या. माझ्या जुळलेल्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं तसा त्यांचा आवाज आणखी मऊ झाला. "आप घबराइए मत. नाम क्या है आपका?"

"चंदेरी," मी म्हणाले.

ते तोंडातून गेल्यावरही मला लगेच कळलं नाही. सासूबाई "अगं!" म्हणाल्या, तेव्हा कळलं.

"बड़ा प्यारा नाम है," विनिता मॅडम म्हणाल्या. त्या थट्टा करत नव्हत्या. त्यांना ते खरंच माझं नाव वाटलं.

मी मृणालकडे पाहिलं. आता ती हसेल, म्हटलं, हसू दे, आता तिला हक्क आहे. उद्या चिन्मयला सांगेल, परवा सगळ्या नातेवाइकांना सांगेल. तिनं साडीची घडी घालून स्वतःचं नाव सेठजींच्या तोंडावर मारलं होतं, आणि मी, तिच्याहून मोठी, नाव विचारल्यावर काउंटर सांगत होते.

मृणाल हसली नाही. "मंजूषा," ती विनिता मॅडमना म्हणाली. "इनका नाम मंजूषा है. मंजूषा अंजनकर." मग तिनं हात लांब करून बटण सोडवलं, दिवा विझला आणि पट्टा पुन्हा सुरू झाला.

मी बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. चांगली घट्ट कडी होती. तिथे मी पोटभर रडले. आणि रडतानाही मला राग येत होता तो मृणालचाच. सेठजींचा यायला हवा होता, पण त्यांचा राग यायला आधी आपल्याला नाव आहे हे आठवायला लागतं. मृणालला ते आठवलं होतं, आणि तेही माझ्याआधी. या बयेनं माझ्या हाती जळायलासुद्धा काही चांगलं ठेवलं नाही, असं वाटलं.

परतताना कारखान्याच्या बसनंच आलो. सासूबाई पुढच्या बाकावर बसल्या आणि बस निघताच पेंगायला लागल्या. मृणाल नेहमीच्या खिडकीशी गेली, मग थांबली आणि मागे सरकून मला म्हणाली, "बसा ताई, खिडकीशी." मी म्हणाले, नको, ती तुझी जागा आहे. ती बसली. मी तिच्या शेजारी.

मंडीदीपची धुराडी मागे पडली. हायवेवरच्या ट्रकांच्या रांगा आल्या. उद्या सकाळी मला शोरूम उघडायच्या आधी पोचायचं होतं. पितृपक्ष, गिऱ्हाईक नाही, म्हणजे दिवसभर कुणाशी न बोलता नुसतं उभं राहायचं. आणि मधेच इंटरकॉमवरून ती हाक येणार, आणि मी वळणार. मी वळणार, हेच मला आता सहन होईना.

"मृणाल," मी म्हणाले. "दिवाळीआधी बायका घेणार म्हणत होतीस ना."

"हं."

"माझं नाव सांग तिथे."

तिनं तोंड फिरवलं. खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं, आता हिनं बदला घेतला. मग मी नीट पाहिलं तर तिचे खांदे हलत होते. शेडमध्ये सगळ्यांसमोर जे हसू तिनं गिळलं होतं, ते आता तिला आवरत नव्हतं.

"कोणतं?" तिनं विचारलं.

मी तिच्या पाठीत एक धपाटा घातला, चांगला जोरात. ती खिडकीवर आपटली तरी हसत होती, आणि मग मलाही हसू फुटलं, डोळ्यांत पाणी असतानाच. पण ती माझ्याकडे बघत होती. तिला उत्तर हवं होतं.

"मंजूषा," मी म्हणाले. आवाज नीट निघाला नाही, म्हणून पुन्हा म्हणाले.